कागद केवढा?

"कागद केवढा?" मुबारकचाचांनी विचारलं.

"चाचा, कितीदा सांगू? याला कागद नाही. वेबसाइटला कागद नसतो."

"मग पान पान काय म्हणतोस मघापासून?"

मी मोठ्याने हसलो. चाचा हसले नाहीत. त्यांनी खणातून आपली स्टीलची पट्टी काढली, माझ्या नव्याकोऱ्या मॉनिटरच्या काचेवर आडवी धरली, चष्मा कपाळावर चढवला आणि मोजायला लागले. साताऱ्यात पोवई नाक्याच्या मागच्या गल्लीत माझं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. तिथे ही करमणूक मला आठवड्यातून एकदा तरी फुकटात मिळायची.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. 'भुरके वेब सर्व्हिसेस' अशी पाटी दारावर होती आणि तिचा मला इतका अभिमान, की येता-जाता मी ती रुमालाने पुसायचो. माणसं दोनच, मी आणि मुबारक तांबोळी. चाचांनी एकतीस वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले होते. छापखाना बंद पडला, तेव्हा त्यांच्या वयाच्या माणसाला कोणी दारात उभं करेना. मी त्यांना मराठी टाइपिंगला घेतलं आणि स्वतःला फार उदार समजलो. खरं तर चार वर्षांत त्यांच्या हातून एक वेलांटी चुकलेली मी पाहिली नाही. फक्त काम सुरू करताना त्यांचा प्रश्न ठरलेला. लग्नपत्रिका असो, दुकानाचं हँडबिल असो, कागद केवढा ते कळल्याशिवाय त्यांचा हात चालायचा नाही.

त्या दिवशीचा वाद रुंदीवरून होता. कॉम्प्युटरचा पडदा बारीक ठिपक्यांचा असतो. त्या काळी जुन्या मॉनिटरवर आडवे आठशे ठिपके मावायचे, नव्यांवर हजाराच्या वर. साइट बांधणाऱ्याला आधी तेवढं ठरवावं लागे. पान आठशेत बसवायचं, हजार धरून चालायचं, की समोर जेवढी जागा असेल तेवढ्यात आकसेल-पसरेल असं करायचं. हजार केलं की जुन्या मॉनिटरवर उजवीकडचा भाग पडद्याबाहेर जायचा आणि खालची पट्टी सरकवल्याशिवाय दिसायचा नाही. मी हजार ठरवलं होतं.

त्याला कारण देशमाने सरांची इमारत. एका शिक्षणसंस्थेच्या नर्सिंग कॉलेजची ती साइट होती आणि देशमाने सर त्या कॉलेजचे संचालक. नवी तीन मजली इमारत त्यांनी जातीने उभी केली होती. तिचा लांबलचक फोटो पानाच्या माथ्यावर हवा होता, आणि अख्खा हवा होता. डाव्या टोकाला वसतिगृह, उजव्या टोकाला दवाखाना. आठशेत बसवायला फोटो लहान केला की इमारत आगपेटीएवढी दिसायची. हजारात मात्र अशी काही भारदस्त दिसायची, की मी स्वतःच खुर्ची मागे ढकलून तिच्याकडे बघत बसायचो.

"आकसणारं जमतं ना तुला?" चाचा म्हणाले. "मग तसं कर की. खोळ शिवलीस तर एकाच गादीला बसंल. चादर कर, कुठल्याबी खाटेवर बसती."

"इमारत आकसत नाही चाचा. फोटो आहे तो. आणि आता सगळीकडे नवे मॉनिटर येतायत."

"सगळीकडं म्हंजे? म्हसवडला आलेत? दहिवडीला आलेत?"

"येतील."

"आन् कुणी छापून घेतलं तर?"

"छापायचं कशाला? बघायचं असतं ते."

चाचांनी पट्टी पुसली आणि खणात ठेवली. "बरं. तू शिकलेला," ते म्हणाले. हे वाक्य ते फार क्वचित म्हणायचे आणि ते ऐकलं की मला दिवसभर चुकचुकल्यासारखं व्हायचं. पण पान मी हजाराचंच ठेवलं.

इथपर्यंत झालं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण मला तेव्हा नव्या युगाची भलतीच घाई होती. त्या कॉलेजात तीस जागा पूर्ण मोफत असायच्या. राहणं, जेवण, गणवेश सगळं संस्थेचं, आणि तीन वर्षांनी संस्थेच्याच दवाखान्यात नोकरी. माण-खटावच्या कोरड्या भागातल्या मुली त्या जागांवर डोळे लावून बसायच्या. निवड झालेल्या मुलीला दरवर्षी कॉलेजातून पोस्टकार्ड जायचं, अमुक तारखेला आईवडिलांना घेऊन हजर राहा म्हणून. वैद्यकीय तपासणी दिवसाला पाचच मुलींची व्हायची, म्हणून गावांप्रमाणे तारखा वाटून दिलेल्या असायच्या. चुकली तर जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलीला.

"सर, पोस्टकार्डं बंद करा," मी देशमाने सरांना म्हणालो. "यादीच साइटवर टाकू. तालुक्याच्या गावात सायबर कॅफे झालेत. एका मिनिटात बघतील."

सरांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकून म्हणाला, "कार्डं गहाळही होतात, सर." सरांना ते पटलं. ते मला असंही म्हणाले, की हे नीट पार पडलं तर संस्थेच्या बाकीच्या अकरा शाखांच्या साइट तुमच्याकडेच. मी त्या दिवशी स्कूटर घरापर्यंत गाणं म्हणत आणली.

यादी चाचांनी टाइप केली. अनुक्रमांक, नाव, गाव, गुण आणि शेवटी, अगदी उजवीकडे, हजर राहण्याची तारीख. वर ठळक अक्षरांत 'प्रवेश प्रक्रिया : १२ ते १७ जुलै'. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझं नाव, पत्ता आणि फोन. मला सगळी काळजी मराठी अक्षरं कॅफेत उमटतील की चौकोन दिसतील याची होती. दोन ठिकाणी फोन करून मी ती खात्री केली. दोन्हीकडून "मस्त दिसतंय" असं उत्तर आलं. उजवीकडे शेवटचा रकाना दिसतो का, हे मी कोणाला विचारलं नाही.

पंधरा तारखेला, गुरुवारी, साडेबाराच्या सुमाराला दारात एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी, पायांत जाड वहाणा. मागे एक मुलगी. ताठ वेणी घातलेली, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदपत्रं. माणसाने दारावरची पाटी मुलीला बोटाने दाखवली. तिने ती वाचली आणि मान हलवली.

"भुरके सायेब हितंच का?"

"मीच. या."

"मी दादासो ईरकर. म्हसवडच्या अंगाला वस्ती हाय आमची. ही माजी पोरगी, सुवर्णा. लिष्टात नाव हाय तिचं. आठवा लंबर."

मला वाटलं, पेढे द्यायला आलेत की काय. लोक काय वाटेल ते करतात. मी म्हणालो, "वा, अभिनंदन."

मुलीने पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्या टेबलावर पसरला. मी वाकून पाहिलं, हातात घेतला नाही. माझंच पान होतं, म्हसवडच्या कॅफेत छापलेलं. चार रकाने होते. पाचवा नव्हता. गुणांच्या रकान्यानंतर यादी संपत होती. माथ्यावरची इमारत वसतिगृहापासून निघून दारापर्यंत येत होती आणि तिथेच तुटत होती. आणि खाली डाव्या कोपऱ्यात माझं नाव, पत्ता, फोन, एक अक्षरही न कापलेलं.

"बारा तारीख होती म्हणे माझी," सुवर्णा म्हणाली. "आम्ही आज सकाळी आलो. ते म्हणाले, गेली तुमची जागा."

"पण वर बारा ते सतरा..." मी म्हणालो.

"तेच वाचून आलो ना आम्ही. मी त्या कॅफेवाल्याला विचारलंसुदीक. म्हटलं, नेमकं कधी जायचं ते कुठंय? तो म्हणला, वर लिवलंय की, सतरापतुर कवाबी जा."

"मी मेंढरासंगं वाटंवर हुतो," दादासो म्हणाले. "काल सांजच्याला घरला आलो न् आज फाटंच्या येष्टीनं निगालो. बाराला जायाचं म्हाईत असतं तर तिचा मामा आला असता की तिच्यासंगं. त्याला काय हुतं?"

चाचा टाइप करायचे थांबले होते. ते उठून आले, त्यांनी कागद उचलला, उजेडाकडे धरला आणि उजव्या कडेवरून बोट फिरवलं. मग एकदा माझ्याकडे पाहिलं.

मी माझा मॉनिटर त्या दोघांकडे वळवला. "हे बघा. इथे आहे तारीख. आठवा नंबर, सुवर्णा दादासो वीरकर, पुढे बारा जुलै, सकाळी दहा. साइटवर आहे."

मुलीने पडद्याजवळ तोंड नेऊन ती ओळ वाचली. एकदा, दोनदा. मग आपल्या कागदाकडे बघून विचारलं, "मग ह्याच्यावर का नाही?"

"कॅफेवाल्याने नीट छापलं नसेल. मशीन जुनं असेल त्याचं."

हे म्हणताना मला ते खरं वाटत होतं का? अर्धंमुर्धं. मी तोवर माझं पान एकदाही छापून पाहिलं नव्हतं.

दादासोंनी घोंगडी सारखी केली. "सायेब, आमी भांडाया न्हाई आलो. त्या देशमाने सायबानं सांगितलंय, ज्यानं ह्ये केलंय त्याच्याकडनं लिवून आना. कागदात चूक हुती येवडं लिवून दिलं तर जागा ऱ्हाती म्हनले. दुसऱ्या पोरीला अजून बोलावल्यालं न्हाई. उद्या बोलवायची हाये."

"काय लिहून द्यायचं?"

"की तारीख दिसत नव्हती," सुवर्णा म्हणाली. "एवढंच."

"औंदा न्हाई झालं तर तिचं चुलतं थांबायचं न्हाईत," दादासो म्हणाले. त्यांनी मुलीकडे न बघता खालच्या फरशीकडे बघत सांगितलं. "पोरगं बगून ठिवलंय. दिवाळी झाली की उरकायचं म्हनत्यात. मी म्हनलं, आदी हिचं लिष्टात नाव येतंय का बगू. आलं. आठवं आलं."

एका ओळीचं पत्र होतं. लेटरहेड खणात होतं, पेन खिशाला होतं. पण त्या एका ओळीखाली माझी सही येणार होती आणि ती सही देशमाने सरांच्या टेबलावर जाणार होती. ज्याने पोस्टकार्डं बंद करायला लावली, तोच माणूस लिहून देतोय की माझ्या पानावर तारीख दिसत नाही. मग अकरा शाखा कुठल्या आणि काय कुठलं. हे सगळं माझ्या डोक्यात एका दमात येऊन गेलं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला. राग त्यांच्यावर.

"असं लिहून देता येत नाही," मी म्हणालो. "साइटवर तारीख आहे. तुम्ही बघितलीत ना आत्ता? मग चूक होती असं मी कसं लिहू?"

सुवर्णाने कागदाची घडी घातली. जुन्या घडीवरच, नीट.

"मी येतो तुमच्यासंगं," चाचा म्हणाले. त्यांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्याला घातली. "मी तिथं सांगतो. त्यांच्याच मशीनवर छापून दावतो. मग लिहून द्यायची गरजच नाही."

"चाचा, तुमचं काम पडलंय."

"पडू दे."

दारातून बाहेर पडताना ते मुलीला काय म्हणाले ते मला ऐकू आलं. "घाबरू नको गं. छापलं की कापतंय का नाही ते समोरच दिसंल त्यांना. पाच मिनिटांचं काम."

ते गेल्यावर मी प्रिंटर सुरू केला. यादीचं पान उघडलं आणि छापलं. कागद बाहेर आला तो म्हसवडच्या कागदासारखाच. चार रकाने. दारापाशी तुटलेली इमारत. मशीन नवं होतं, शाई नवी होती आणि माझ्या हजार ठिपक्यांतले कागदाला पेलले तेवढे कागदावर आले होते. उरलेले कुठेच नव्हते. आठशेच्या पडद्यावर निदान पट्टी सरकवता येते. कागद कुठे सरकवणार?

तालुक्याच्या गावात कोणी पडद्यावर यादी बघत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. मी काही लंडनला वाढलो नव्हतो. कॅफेवाला पान छापतो आणि हातात देतो, आणि लोक तो कागद घेऊन घरी जातात. घरी चारजण बघतात, मास्तर बघतात, मग ठरतं. चाचांना ते पट्टी हातात धरून कळलं होतं.

मग मी ते पान दुरुस्त केलं. वीस मिनिटं लागली. इमारतीचा फोटो निम्मा कापला, यादी आकसणारी केली, छापून पाहिलं. पाचही रकाने कागदावर आले, बारा जुलैसकट. दुरुस्त पान मी लगेच साइटवर चढवलं. शुक्रवारी आणि शनिवारी दहा मुली यायच्या होत्या. त्यांतली एखादी आज कुठेतरी कागद छापून घेत असेल, तिला तरी तारीख दिसू दे, असं मी मनाशी म्हणत होतो. हे खरं आहे. वीस वर्षं मी ते घासूनपुसून पाहिलंय आणि तेवढं खरं आहे. पण चाचा त्याच वेळी कॉलेजात काय दाखवायला गेलेत, हेही मला माहीत होतं. ते मी डोक्यात येऊ दिलं नाही.

तीन वाजता फोन वाजला.

"भुरके, तुमचे तांबोळी इथे बसलेत," देशमाने सर म्हणाले. आवाजात वैताग होता, राग नव्हता. "त्यांचं म्हणणं, छापलं की उजवी बाजू कापली जाते. आग्रहच धरला, म्हणून मी त्यांच्यासमोर छापून घेतलं. सगळ्या तारखा आल्यात. व्यवस्थित."

"हो सर."

"आता ते म्हणतात, पान तुम्ही आजच बदललंय. पडद्यावर इमारत आता अर्धीच दिसतेय, पहिली पूर्ण होती, म्हणून बदललंय, असं त्यांचं गणित. मला यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल ते मी धरीन. यादीचं पान तुम्ही बदललं का?"

फोन टेबलावर होता आणि शेजारी माझे दोन कागद पडले होते, एक चार रकान्यांचा, एक पाच रकान्यांचा. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी खोकलं. हो म्हणायला मला एकच अक्षर लागलं असतं.

"फोटोचं काम चालू होतं सर," मी म्हणालो. "यादीला हात लावलेला नाही."

"म्हणजे तारखा पहिल्यापासून छापून येत होत्या?"

"हो सर."

"मग झालं तर. बाहेरच्या प्रिंटरला आपण काय करणार? उद्या एकीला सोडलं तर दहाजण येतील." मग म्हणाले, "आणि ती इमारत पहिल्यासारखी करा बुवा. अर्धी बरी दिसत नाही."

"करतो सर."

ते फोन ठेवत असताना मला दादासोंचा आवाज ऐकू आला. "काय म्हनत्यात वो?" ते विचारत होते, बहुतेक चाचांना.

चाचा साडेपाचला परत आले. टोपी काढली नाही. त्यांनी दोन कागद माझ्यापुढे ठेवले. एक कॉलेजात छापलेला, एक म्हसवडचा, घडी घातलेला.

"यष्टीत बसवून दिलं त्यांना," ते म्हणाले. "कागद मागून घेतला. ती म्हणली, राहू दे तुमच्याकडं, आता कशाला पाहिजे."

मी कॉलेजातला कागद पुढे ओढला.

"पान कधी बदललंस?"

"तुम्ही गेल्यावर. अजून दहा मुली यायच्यात चाचा. त्यांची तारीख चुकू नये म्हणून."

"बरं केलंस." त्यांनी हे मनापासून म्हटलं, टोमणा नव्हता. "आन् फोनवर?"

मी माझे छापलेले दोन कागद खणात सारले.

"मी त्या पोरीला म्हणलो होतो, पाच मिनिटांचं काम," चाचा म्हणाले. "छाप म्हणलो. समोर छापलं. तारीख आली. बापाचं तोंड बघायला पायजे होतंस तू. त्याला वाटलं, मी बी त्यांच्यातलाच. ती पोरगी तेवढी म्हणली, नाही बा, चाचा खरं बोलत्यात, मगा त्या पडद्यावर इमारत अख्खी हुती, आता बग अर्धी हाय. तिच्या लगेच ध्यानात आलं. एकतीस वर्षं छापखान्यात काढली मी. चुका झाल्या. चूक झाली की खाली चूक-दुरुस्ती छापायचो, मालकाचं नाव गेलं तरी. तुझ्यासारखी दुरुस्ती मी कधी बघितली नाही."

त्यांनी खण उघडला, स्टीलची पट्टी काढून शर्टाच्या खिशात ठेवली आणि निघाले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा चाची दारात आल्या आणि म्हणाल्या, "ते झोपलेत." सकाळी अकराला. मी परत फिरलो.

शुक्रवारी प्रतीक्षा यादीतल्या मुलीला जागा मिळाली. ती कोण मला ठाऊक नाही, तिचा काही दोष नव्हता. आठवड्याभराने यादी साइटवरून काढली आणि मी इमारत पुन्हा अख्खी लावली, वसतिगृहापासून दवाखान्यापर्यंत, हजार ठिपक्यांत. पुढच्या वर्षी कॉलेजने निमूट पोस्टकार्डं पुन्हा सुरू केली. मला अकरा शाखा मिळाल्या. पाटी मोठी झाली. पुढच्या उन्हाळ्यात एका कामाला म्हसवडला गेलो होतो, तेव्हा त्या कॅफेत शिरलो. दोन जुने मॉनिटर, एक प्रिंटर, भिंतीवर लक्ष्मीचं कॅलेंडर. वीरकरांच्या मुलीचं काय झालं म्हणून विचारलं, तर तो तरुण मालक सहज म्हणाला, "कुठली? मेंढक्याची? दिली की कवाच." मी चहा न पिता उठलो.

चाचा चार वर्षांनी गेले. मयतीला मी सर्वांत मागे उभा होतो.

आता लोक सगळं फोनवर बघतात. पानं आपोआप आकसतात, चार बोटांच्या काचेत बसतात. माझ्याकडची मुलं हुशार आहेत. पान साइटवर चढण्याआधी मी ते कागदावर छापून मागतो, तेव्हा ती एकमेकांकडे बघतात. सर जुने आहेत, असं त्यांना वाटतं. वाटू दे. छापलेला कागद मी उजेडाकडे धरतो आणि उजव्या कडेवरून बोट फिरवतो.

म्हसवडचा तो कागद माझ्या खणात आहे. चाचांनी टेबलावर ठेवला तेव्हा मी तो उघडला नव्हता. आठ दिवस तसाच पडून होता. इमारत पुन्हा अख्खी लावली त्या दिवशी आवराआवर करताना उघडला. चार रकाने, आणि उजवीकडे दोन बोटं कोरा समास. त्या समासात निळ्या पेनाने वरपासून खालपर्यंत पट्टी धरून एक उभी रेघ मारलेली होती, पाचव्या रकान्याची. माथ्याला लिहिलं होतं, 'जायची तारीख'. खालच्या एकोणतीस ओळी रिकाम्या होत्या. आठव्या ओळीत, आपल्या नावापुढे, शाळेतल्या वळणदार अक्षरात तिने लिहिलं होतं, '१५, गुरुवार. बा आल्यावर.'